जुन्या खेळाडूंवरचा स्टेरॉईडचा संशय : किती खरा, किती ऐकीव?

जत्रेतली कुस्त्यांची दंगल असो की चौकातल्या जिमसमोरचा कट्टा, एखाद्या जुन्या, नावाजलेल्या पैलवानाचा विषय निघाला की कुणीतरी हळूच म्हणतं, “त्याले काय, इंजेक्शनं मारत होता थो!” पुरावा कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही. पैलवान आता साठीत असतो, गावात मान असतो, शाळेच्या कार्यक्रमात सत्कार होतो. पण ते एक वाक्य त्याच्या मागे फिरत राहतं. आता तर ते फोटोसकट व्हॉट्सअॅपवर फिरतं.

हा प्रश्न वाशीमचा नाही की कुस्तीचाही नाही. अमेरिकेत बेसबॉलचे सर्वात मोठे विक्रमवीर याच संशयामुळे मानाच्या जागेपासून बाहेर राहिले आहेत. महाराष्ट्रात तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ झालेल्या मल्लाचं ऑलिम्पिक याच कारणाने हुकलं. मग असा संशय कधी खरा मानायचा, कधी सोडून द्यायचा आणि निवृत्त झालेल्या माणसाबद्दल काय बोलायचं? समजून घेऊया.

स्टेरॉईड म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात आधी एक गोंधळ दूर करू. दम्याला, अंगावरच्या सुजेला किंवा कोरोनाच्या काळात डॉक्टरांनी दिलेली स्टेरॉईड (प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन वगैरे) वेगळी. त्यांनी स्नायू वाढत नाहीत, उलट जास्त दिवस घेतली तर स्नायू अशक्त होतात. त्यामुळे ‘दवाखान्यात स्टेरॉईड दिलं होतं’ एवढ्यावरून कुणाला उत्तेजकबाज म्हणता येत नाही. स्पर्धेच्या काळात यातल्या काही औषधांवरही बंधनं आहेत, पण तो वेगळा नियम आहे.

खेळात ज्यावरून वाद होतो ती म्हणजे ‘अॅनाबॉलिक स्टेरॉईड’. पुरुषांच्या शरीरात तयार होणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक आणि त्याची प्रयोगशाळेत बनवलेली भावंडं. यांनी स्नायू लवकर भरतात, जड व्यायामानंतर शरीर लवकर सावरतं, म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच घाम गाळू शकतो. मेथँडिएनोन, स्टॅनोझोलोल, नँड्रोलोन ही त्यातली गाजलेली नावं. मेथँडिएनोनच्या गोळ्या १९५० च्या दशकाच्या शेवटी ‘डायनाबॉल’ या नावाने बाजारात आल्या आणि जगभरच्या वजन उचलणाऱ्यांत पसरल्या.

किंमतही मोठी आहे. यकृतावर ताण येतो, रक्तदाब वाढतो, कोलेस्टेरॉलचं गणित बिघडतं आणि हृदयाचा स्नायू जाड होऊ शकतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन येतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. त्यातून वृषण आकसतात, शुक्राणू कमी होतात, काहींची छाती बायकांसारखी वाढते. स्त्रियांचा आवाज घोगरा होतो आणि तो बदल बहुतेकदा परत फिरत नाही. वाढत्या वयातल्या मुलाने घेतलं तर हाडांची वाढ वेळेआधी थांबू शकते.

संशयाचा सर्वात मोठा खटला : बेसबॉल

अकोला जिल्हा विभागून वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत बेसबॉलचं वेड शिगेला पोचलं होतं. चेंडू थेट मैदानाबाहेर मारला की होम रन, आपल्याकडच्या षटकारासारखं. एका हंगामात ६१ होम रनचा रॉजर मॅरिस यांचा विक्रम १९६१ पासून टिकून होता. मार्क मॅग्वायर यांनी त्या वर्षी ७० मारले, सॅमी सोसा यांनी ६६. सारा देश खूश होता.

त्या ऑगस्टमध्ये एका पत्रकाराने मॅग्वायर यांच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोनची बाटली पाहिली आणि बातमी दिली. शरीरात गेल्यावर टेस्टोस्टेरॉनमध्ये बदलणारा हा पदार्थ तेव्हा अमेरिकेत दुकानात उघड मिळत होता आणि बेसबॉलमध्ये त्यावर बंदी नव्हती. ऑलिम्पिकमध्ये मात्र होती. लोक चिडले ते पत्रकारावर! आनंदाच्या क्षणी मिठाचा खडा कुणाला आवडतो?

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बेसबॉलच्या प्रमुखांनी १९९१ मध्येच पत्रक काढून स्टेरॉईडला मनाई केली होती, पण चाचणीच नव्हती. म्हणजे नियम कागदावर आणि मैदानावर मोकळं रान. २००३ मध्ये पहिल्यांदा सरसकट चाचणी झाली, तीही नाव गुप्त ठेवून आणि शिक्षा न करता. पाच टक्क्यांहून जास्त नमुने दोषी निघाले, म्हणून २००४ पासून शिक्षेसह चाचण्या सुरू झाल्या. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या ‘बाल्को’ नावाच्या प्रयोगशाळेवर छापा पडला आणि चाचणीत सापडू नये म्हणून खास बनवलेलं स्टेरॉईड उघडकीला आलं.

पुढे एकेक गोष्ट बाहेर पडत गेली. मार्च २००५ मध्ये राफाएल पाल्मेरो यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बोट रोखून सांगितलं की आपण स्टेरॉईड कधीच घेतलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते स्टॅनोझोलोलसाठी दोषी ठरून निलंबित झाले. डिसेंबर २००७ मध्ये माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा अहवाल आला, त्यात ८९ खेळाडूंची नावं होती. मॅग्वायर यांनी जानेवारी २०१० मध्ये स्वतःच कबुली दिली. १९९८ च्या विक्रमी हंगामातही स्टेरॉईड घेत होतो, असं त्यांनी मान्य केलं. बारा वर्षांपूर्वी शिव्या खाल्लेला पत्रकार बरोबर ठरला.

संशयाची शिक्षा सगळ्यांना सारखी मिळते का?

बेसबॉलमध्ये निवृत्तीनंतरचा सर्वोच्च मान म्हणजे ‘हॉल ऑफ फेम’. अनुभवी क्रीडा पत्रकार मतदान करतात आणि ७५ टक्के मतं लागतात. खेळाडूची कामगिरीच नव्हे, तर सचोटी आणि चारित्र्यही बघावं, असं नियमातच लिहिलंय. खरी भांडणं इथून सुरू होतात. चार उदाहरणं बघू.

बॅरी बाँड्स यांच्या नावावर कारकिर्दीत ७६२ आणि एका हंगामात ७३ होम रन आहेत, दोन्ही विक्रम. बाल्को प्रकरणात त्यांचं नाव आलं. न्यायात अडथळा आणल्याबद्दल २०११ मध्ये ते दोषी ठरले, पण २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. २०२२ मध्ये, पत्रकारांच्या मतदानाच्या दहाव्या आणि शेवटच्या संधीत, त्यांना ६६ टक्के मतं मिळाली.

रॉजर क्लेमन्स यांचं नाव मिचेल अहवालात आहे. संसदेपुढे खोटं बोलल्याचा खटला चालला, २०१२ मध्ये निर्दोष सुटले. तरीही शेवटच्या संधीत मतं ६५ टक्क्यांच्या आसपासच.

डेव्हिड ऑर्टिझ यांचं नाव २००३ च्या गुप्त चाचणीच्या यादीत असल्याची बातमी २००९ मध्ये फुटली. पण पुढे बेसबॉलच्या प्रमुखांनीच सांगितलं की त्या यादीतल्या काही निकालांची नीट खातरजमा झालेली नव्हती. ऑर्टिझ २०२२ मध्ये पहिल्याच फेरीत निवडून आले.

माइक पियाझा आणि जेफ बॅगवेल यांची नावं मिचेल अहवालात नव्हती, चाचणीत ते कधी दोषी ठरले नव्हते. त्या काळी दुकानात मिळणारं अँड्रो वापरल्याचं दोघांनीही सांगितलं होतं. पण संशयाचं मोठं कारण होतं त्यांचं शरीर. पियाझा यांच्या पाठीवरच्या पुरळाचाही ‘पुरावा’ म्हणून उल्लेख झाला! पियाझा यांना चौथ्या प्रयत्नात, २०१६ मध्ये मान मिळाला आणि बॅगवेल यांना सातव्या प्रयत्नात, २०१७ मध्ये.

गंमत म्हणजे हा सगळा काळ ज्यांच्या कारकिर्दीत घडला, ते बेसबॉलचे तत्कालीन प्रमुख बड सेलिग २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये सन्मानाने दाखल झाले. डोळेझाक करणारा आत, डोळ्यांसमोर खेळलेला बाहेर. यावरून एक कळतं : लोकांच्या दरबारात संशयाला एकच माप नसतं. कुणाचा स्वभाव गोड असतो, कुणाचे पत्रकारांशी खटके उडालेले असतात. पुरावा तेवढाच असला तरी निकाल वेगळा लागतो.

महाराष्ट्रातलं सर्वात गाजलेलं प्रकरण : नरसिंग यादव

आता घरच्या आखाड्यात येऊ. मुंबईत कांदिवलीच्या ‘साई’ केंद्रात घडलेले नरसिंग यादव यांनी २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, अर्जुन पुरस्कार, महाराष्ट्र पोलिसात उपअधीक्षकपद. सप्टेंबर २०१५ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ७४ किलो गटात कांस्य जिंकलं आणि त्याबरोबर रिओ ऑलिम्पिकची जागा मिळवली.

दोन ऑलिम्पिक पदकं जिंकलेले सुशील कुमार याच वजनगटात आले होते. दोघांची निवड चाचणी घ्या, अशी त्यांची मागणी होती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि जून २०१६ मध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली. नरसिंग रिओला जाणार हे नक्की झालं.

आणि मग घडलं ते असं :

- २५ जून २०१६ : राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने म्हणजे ‘नाडा’ने हरियाणातल्या सोनीपत केंद्रावर नरसिंग यांचा नमुना घेतला. त्यात मेथँडिएनोन सापडलं.
- ५ जुलै : दुसरा नमुना घेतला. त्यातही अंश सापडला.
- जुलैअखेर : आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी मुद्दाम औषध मिसळलं, अशी तक्रार नरसिंग यांनी पोलिसात दिली. त्यांच्याच खोलीत राहणाऱ्या मल्लाच्या नमुन्यातही तेच औषध सापडलं होतं.
- १ ऑगस्ट : नाडाच्या शिस्तपालन समितीने त्यांचं म्हणणं मान्य केलं आणि त्यांना दोषमुक्त केलं.
- ऑगस्टचा मध्य : जागतिक संस्था ‘वाडा’ या निर्णयाविरुद्ध क्रीडा लवादाकडे गेली.
- १८ ऑगस्ट : त्यांच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी लवादाने निकाल दिला, चार वर्षांची बंदी.

लवाद काय म्हणाला? वाडाच्या बाजूने आलेल्या तज्ज्ञांच्या मते पहिल्या नमुन्यातलं प्रमाण इतकं जास्त होतं, की ते पाण्यात मिसळलेल्या पावडरीपेक्षा एक-दोन गोळ्या घेण्याशी जुळत होतं. कुणीतरी कट केला याचा ठोस पुरावा नरसिंग देऊ शकले नाहीत, असं लवादाचं मत झालं.

इथे उत्तेजकविरोधी कायद्याचं मूळ तत्त्व लागू होतं : शरीरात सापडलं, तर जबाबदारी खेळाडूची. ते कसं आलं हे सिद्ध करायचं ओझंही त्याच्यावरच. फौजदारी खटल्यात आरोप सरकारने सिद्ध करायचा असतो, इथे बरंचसं उलटं. नियम कठोर वाटतो. पण ‘मला कुणीतरी पाजलं’ हे सांगणं सगळ्यांनाच सोपं आहे. ते नुसत्या शब्दावर मान्य केलं तर कुणीच दोषी ठरणार नाही, अशी या नियमामागची भूमिका आहे.

त्याच वर्षी तक्रारीचा तपास सीबीआयकडे गेला. बंदी संपल्यावर २०२० च्या अखेरीस नरसिंग यादव बेलग्रेडच्या स्पर्धेत पुन्हा मॅटवर उतरले. २०२४ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाच्या अध्यक्षपदी ते निवडून आले, तेही इतर मल्लांच्या मतांनी.

म्हणजे एकाच माणसाबद्दल तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. लवादाने त्यांना दोषी ठरवलं. आपण निर्दोष आहोत हे त्यांनी कायम सांगितलं. आणि कुस्तीतल्या माणसांनी त्यांना पुन्हा आपलं मानलं. यातलं पहिलं वाक्य तेवढं उचलून पुढे पाठवलं, तर ते खोटं नसतं, पण पूर्णही नसतं.

पृथ्वी शॉ : सगळं डोपिंग स्टेरॉईडचं नसतं

फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी मुंबईचा फलंदाज पृथ्वी शॉ याचा नमुना घेतला गेला. त्यात टर्ब्युटालिन सापडलं. हे खोकल्याच्या अनेक औषधांत असतं, श्वासनलिका मोकळी करतं. पण परवानगी न घेता वापरायला बंदी आहे. क्रिकेट मंडळाने खोकल्याचं औषध अनवधानाने घेतल्याचं त्याचं स्पष्टीकरण मान्य केलं आणि आठ महिन्यांचं निलंबन मागच्या तारखेपासून लागू केलं. त्याच दिवशी विदर्भाच्या एका क्रिकेटपटूवरही निलंबनाची कारवाई जाहीर झाली होती.

समाजमाध्यमांवर मात्र पृथ्वीच्या नावापुढे सरळ ‘स्टेरॉईड’ असं लिहून मोकळे झालेले लोक आजही सापडतात. बंदी घातलेल्या पदार्थांची यादी लांबलचक आहे. स्टेरॉईड, रक्त वाढवणारी औषधं, लघवी वाढवणारी औषधं, उत्तेजकं, काही दम्याची औषधं, सगळं त्यात येतं. कोणतं औषध, किती प्रमाणात आणि कसं पोटात गेलं, यावर दोषाचं वजन ठरतं.

‘कधीच पॉझिटिव्ह आला नाही’ याला किती अर्थ?

खेळाडूसमोर लघवीचा नमुना ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत भरून सीलबंद होतो. बाटल्यांवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. ‘ए’ दोषी निघाला तर ‘बी’ खेळाडूच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समोर उघडायची मागणी करता येते. प्रयोगशाळा मूळ औषध शोधतेच, पण शरीराने ते पचवल्यावर उरलेले अंशही शोधते. हे अंश कधी काही दिवस, कधी कित्येक आठवडे सापडतात. याशिवाय खेळाडूच्या रक्ताची आणि संप्रेरकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवून त्यातले अचानक बदल टिपणारा ‘जैविक पासपोर्ट’ही आता वापरतात.

तरीही चाचणी म्हणजे देववाणी नव्हे. मॅरियन जोन्स यांनी २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये पाच पदकं जिंकली. मैदानावर त्या पकडल्या गेल्या नाहीत, पण २००७ मध्ये न्यायालयात त्यांनी स्टेरॉईड घेतल्याचं कबूल केलं आणि पदकं परत गेली. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग तर ‘शेकडो चाचण्या दिल्या’ हेच वर्षानुवर्षं सांगत राहिले. २०१२ मध्ये सहकाऱ्यांच्या साक्षींवरून त्यांची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं गेली आणि जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी टीव्हीवर कबुली दिली.

म्हणजे चाचणीत न सापडणं हा निर्दोषपणाचा पक्का पुरावा नाही. पण म्हणून तो दोषाचा पुरावाही होत नाही, हे आपण विसरतो. ‘सापडला नाही म्हणजे हुशारीने घेत असणार’ असा तर्क लावला, तर जगातला एकही खेळाडू सुटणार नाही.

निवृत्तीनंतर चौकशी होऊ शकते का?

होऊ शकते. ऑलिम्पिकचे नमुने गोठवून ठेवतात आणि आजच्या नियमानुसार दहा वर्षांपर्यंत नव्या तंत्राने पुन्हा तपासता येतात. २००८ आणि २०१२ च्या नमुन्यांची अशी फेरतपासणी झाली, तेव्हा विशेषतः वेटलिफ्टिंग आणि ॲथलेटिक्समधली अनेक पदकं वर्षांनंतर हातची गेली.

यातलं एक प्रकरण भारतीय कुस्तीला चटका लावणारं आहे. लंडन ऑलिम्पिकमध्ये ६० किलो गटात रशियाचे बेसिक कुदुखोव रौप्य जिंकले आणि आपले योगेश्वर दत्त कांस्य. कुदुखोव चार वेळचे विश्वविजेते होते. डिसेंबर २०१३ मध्ये मोटार अपघातात ते गेले. २०१६ मध्ये त्यांच्या जुन्या नमुन्याच्या फेरतपासणीत स्टेरॉईड सापडल्याची बातमी आली. आता रौप्य योगेश्वर यांना मिळणार, म्हणून भारतात जल्लोष सुरू झाला. पण योगेश्वर यांनी जाहीर केलं, की ते पदक कुदुखोव यांच्या घरीच राहू द्यावं.

पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने प्रकरण थांबवलं. कारण साधं होतं : मेलेला माणूस स्वतःची बाजू मांडू शकत नाही. पदक जिथे होतं तिथेच राहिलं.

नियमाने जे केलं, ते एका अर्थाने आपल्यालाही लागू पडतं. ज्याला उत्तर देण्याची संधीच नाही, त्याच्यावर निकाल देऊ नये. आपल्याकडच्या जुन्या मल्लांच्या बाबतीत तर प्रश्न आणखी साधा आहे. वाडाची स्थापना १९९९ ची. नाडा २००५ मध्ये नोंदली गेली आणि प्रत्यक्ष काम २००९ मध्ये सुरू झालं. त्याआधीच्या गावोगावच्या दंगलींत कुणाची चाचणी झाली? नमुनाच नाही, तर आज ‘सिद्ध’ काय करणार? हो म्हणायलाही पुरावा नाही, नाही म्हणायलाही नाही.

शरीर बघून ओळखता येतं का?

नाही. अचानक वाढलेलं वजन, पाठीवरचं पुरळ, चिडका स्वभाव, हे सगळं स्टेरॉईडने होऊ शकतं आणि त्याशिवायही होऊ शकतं. वीस वर्षांचा पोरगा तालमीत राहायला गेला, दूध-तूप-बदामाचा खुराक सुरू झाला, रोज पहाटे हजार बैठका मारू लागला, तर वर्षभरात ओळखू येणार नाही इतका बदलतो. उलट, स्टेरॉईड घेणारे लांब पल्ल्याचे धावपटू काटकुळेही असतात. साठीत पैलवानाला हृदयविकार झाला म्हणजे ‘इंजेक्शनं बाधली’ असं नाही. तो आजार कधी तालीम न बघितलेल्यांनाही होतो.

संशयाच्या चार पायऱ्या

एखादी बातमी किंवा पोस्ट समोर आली, तर ती कोणत्या पायरीवर आहे ते आधी बघा.

१. कुजबुज : “सगळ्यांना माहीत आहे”, “आतल्या माणसाने सांगितलं”. नाव, तारीख, कागद काही नाही. याला पुरावा म्हणत नाहीत.

२. आरोप : कुणीतरी स्वतःच्या नावानिशी सांगितलंय. पुस्तकात, मुलाखतीत किंवा शपथेवर. मिचेल अहवालातला बराच भाग असाच साक्षींवर आहे. सांगणाऱ्याचा हेतू आणि जोडीला कागदपत्रं आहेत का, हे तपासावं लागतं.

३. नमुना दोषी : प्रयोगशाळेत काहीतरी सापडलं. अजून निकाल नाही. डॉक्टरी कारणासाठी घेतलेली रीतसर परवानगी असू शकते, ‘बी’ नमुना बाकी असतो, सुनावणी बाकी असते.

४. निकाल : समितीने किंवा लवादाने दोषी ठरवलं. किंवा खेळाडूने स्वतः कबुली दिली. एवढ्यावरच ‘दोषी’ हा शब्द वापरावा.

आणखी एक. नमुना द्यायला नकार देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. बजरंग पुनिया यांच्यावर २०२४ मध्ये चार वर्षांची बंदी आली ती याच कारणाने. त्यांच्या शरीरात स्टेरॉईड सापडलं म्हणून नव्हे. चाचणीसाठी आलेल्या संचाबद्दल आपल्याला शंका होती, असं त्यांचं म्हणणं होतं.

फॉरवर्ड करण्याआधी कायदाही बघा

राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा २०२२ मध्ये आला. त्यानुसार दोषी खेळाडूला बंदी, पदक आणि निकाल रद्द होणं अशी शिक्षा होते, तुरुंग नव्हे. पण पुराव्याशिवाय कुणाची बदनामी करणं मात्र फौजदारी गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं, की कुटुंबीयांना दुखावण्याच्या हेतूने मयत माणसाची केलेली बदनामीही यात येते. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ एवढं म्हणून सुटका होईलच, असं धरून चालू नका.

मग सगळं झाकून ठेवायचं का?

अजिबात नाही. वाडाच्या २०२३ च्या आकडेवारीत भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ मध्ये बंदी असलेले पदार्थ सापडले, म्हणजे सुमारे ३.८ टक्के. जास्त चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होतं. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पोरं उत्तेजक इंजेक्शनं घेतात, अशा बातम्या महाराष्ट्रात येऊन गेल्या आहेत. धावण्याच्या काही सेकंदांसाठी आणि गोळाफेकीच्या काही सेंटीमीटरसाठी.

वाशीमसारख्या जिल्ह्यात, जिथे भरतीची एक नोकरी म्हणजे घराचं नशीब पालटणं, तिथे हा मोह किती मोठा असेल ते वेगळं सांगायला नको. आणि इथेच जुन्या पैलवानांबद्दलची कुजबुज खरं नुकसान करते. ‘एवढा मोठा मल्लही घेतच होता’ हे वाक्य ऐकणाऱ्या पोराच्या डोक्यात दुसरंच रुजतं : ‘मग घेतल्याशिवाय होत नाही!’ आपण बदनामी एका म्हाताऱ्याची करतो, आणि सल्ला मिळतो अठरा वर्षांच्या पोराला.

त्यामुळे घरातलं कुणी तालमीत, जिममध्ये किंवा भरतीच्या तयारीत असेल तर एवढं करा :

- लेबल नसलेली किंवा ‘महिन्यात दहा किलो वजन’ असा दावा करणारी पावडर घेऊ नका. त्यात न लिहिलेली स्टेरॉईड मिसळलेली असू शकतात.
- स्पर्धा खेळणाऱ्याने खोकल्याचं औषधसुद्धा डॉक्टरांना ‘मी खेळाडू आहे’ सांगूनच घ्यावं. औषधात बंदी असलेला घटक आहे का, हे नाडाच्या ‘नो युवर मेडिसिन’ अॅपवर बघता येतं.
- जिममधल्या ट्रेनरने किंवा मित्राने टोचलेलं कुठलंही इंजेक्शन नको. एकच सुई अनेकांना वापरली तर काविळीचा आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच.
- कुणी आधीच घेत असेल तर रागावण्याआधी डॉक्टरकडे न्या. एकदम बंद केल्यावर थकवा आणि नैराश्य येऊ शकतं, त्याला उपचार लागतात.

थोडक्यात

निवृत्त खेळाडूवरचा संशय कधी खरा निघतो, मॅग्वायर यांच्यासारखा. कधी तो वर्षानुवर्षं नुसता पाठीवरच्या पुरळावर उभा असतो, पियाझा यांच्यासारखा. कधी निकाल लागूनही माणसाची सगळी गोष्ट त्या निकालात मावत नाही, नरसिंग यादव यांच्यासारखी. आणि कधी उत्तर देणाराच उरलेला नसतो, कुदुखोव यांच्यासारखा.

म्हणून पुढच्या वेळी कट्ट्यावर कुणी म्हणालं, “इंजेक्शनं मारत होता थो”, तर भांडू नका. फक्त विचारा, “कोणत्या साली? कुणी तपासलं? निकाल काय लागला?” तिन्हींची उत्तरं मिळाली तर बोला. नाही मिळाली तर विषय तिथेच सोडा आणि पोराला विचारा, त्याच्या डब्यातली पावडर कुठून आणली.